घोडी थकली नव्हती, तरी बाद का केलं?

"ताई, मी शहादा तालुक्यातली. वय 24, गावातल्या शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी वडिलांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून चार वर्षांची काठेवाडी घोडी घेतली. नाव हरणी. घरात तिला नाचकाम शिकवायचं चाललं होतं, मी हट्टाने लांब पल्ल्याकडे वळवलं. गेल्या फेब्रुवारीत 40 किलोमीटरच्या स्पर्धेत उतरलो. आधी महिनाभर रोज दहा किलोमीटर पळवून तयारी केली होती. 2 तास 20 मिनिटांत पोहोचलो, आमच्या पुढे दोनच घोडे होते. तरी ठोके उतरायला दिलेली वेळ संपली तेव्हा हृदयाचे ठोके मिनिटाला 72 होते म्हणून डॉक्टरांनी बाद केलं. हरणी शेवटपर्यंत लगाम ओढत होती, थकल्याचं नावही नव्हतं. गावात सगळे म्हणतात, बाहेरच्या लोकांनी मुद्दाम केलं. काका म्हणतात, तापीच्या वाळूत रोज पंधरा किलोमीटर भरधाव काढ, दम आपोआप वाढेल. वडील म्हणतात, एवढं करून काही होणार नसेल तर घोडी वरातीला देऊ. येत्या फेब्रुवारीत मला 80 ला उतरून दाखवायचंय. पाच महिने आहेत. रोज किती पळवू?"

हरणीला बाद केलं ते बरोबर केलं. पहिल्याच ओळीत लिहिते आहे, कारण तुझ्या हाताशी पाच महिने आहेत आणि त्यातला एकही दिवस रागात जायला नको. मी पशुवैद्य आहे. अशा स्पर्धांत तपासणीला उभी राहिले आहे आणि स्वतःचा घोडा धरून रांगेतही उभी राहिले आहे. बाद झाल्यावर घशात काय दाटून येतं ते मला ठाऊक आहे.

हरणी लगाम ओढत होती असं तू लिहितेस. ओढत असणारच. घोडं हे कळपाचं जनावर. पुढे दोन घोडी धावताना दिसली की ते मागे राहायला तयार होत नाही. पायात कळ असो, अंगातलं पाणी आटलेलं असो, ते धावतं. रानात मागे पडलेल्या जनावरावर वाघाची झडप आधी पडते, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. बैल दमला की खाली बसतो, गाढव अडून उभं राहतं. घोडा धावता धावता कोसळतो. त्याची हौस बघून त्याची तब्येत ठरवता येत नाही, म्हणून डॉक्टर छातीला नळी लावतात.

हे मी महागात शिकले. माझा पहिला घोडा, पहिलीच 60 किलोमीटरची स्पर्धा. अशी स्पर्धा टप्प्याटप्प्यांनी होते, प्रत्येक टप्प्यानंतर घोड्याची तपासणी. पहिल्या टप्प्यात चार जण पुढे निघाले आणि मी त्याला मनासारखं धावू दिलं. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी उतरले, तंग, म्हणजे जीन आवळणारा पोटाखालचा पट्टा, सैल केला आणि सहज कुशीवर हात ठेवला. आतून कुणी बुक्क्या माराव्यात तशी कूस उडत होती. दुसरा हात छातीशी नेला तर कळलं, हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कुशीत एक आचका. घामावाटे क्षार निघून गेले, त्यातही रक्तातलं कॅल्शियम उतरलं, की असं होतं. श्वासपटलाकडे, म्हणजे छाती आणि पोटामधल्या पडद्याकडे, जाणारी नस हृदयाला लागूनच जाते, ती नको इतकी हळवी होते आणि श्वासपटल हृदयाच्या तालावर हिसके देऊ लागतं. आणि माझा घोडा? कान टवकारून, पुढे निघून गेलेल्या घोड्यांकडे बघत खिंकाळत होता. त्याला जायचंच होतं. डॉक्टरांनी थांबवलं, शिरेतून औषध दिलं, रात्री उशिरा तो सावरून चाऱ्याला तोंड लावू लागला. मी वाटभर त्याच्या डोळ्यांत थकवा शोधत होते, आणि तो होता कुशीत.

आता तुझ्या 72 कडे येऊ. निवांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला 30 ते 40 असतात, भरधाव धावताना 200 च्या वर जातात. काम थांबलं की उतरतात, आणि किती लवकर उतरतात त्यावर सगळं कळतं. आंतरराष्ट्रीय नियमांत 64 ची रेघ आहे. मधल्या टप्प्यांनंतर 15 मिनिटांत आणि शेवटच्या टप्प्यानंतर 20 मिनिटांत ठोके 64 किंवा त्याखाली यायला हवेत. देशातल्या लहान स्पर्धांची नियमपत्रकं थोडी वेगळी असू शकतात, तुझ्या स्पर्धेचं या वेळी शब्दन् शब्द वाच. तयारीचा घोडा सावलीत आणून पाणी ओतलं की पाच-सात मिनिटांत 64 च्या खाली जातो. मुदत संपतानाही ठोके 72 वर अडलेले असतील तर अंग तापलेलं आहे, पाणी कमी पडलं आहे किंवा कुठेतरी दुखतं आहे, आणि हृदय ते भरून काढायला धडपडतं आहे.

एक साधा स्टेथोस्कोप घे, औषधांच्या दुकानात मिळतो. डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, जिथून तंग जातो तिथे, पायाच्या आत थोडा दाबून धर. लब-डब मिळून एक ठोका. 15 सेकंद मोज आणि चारने गुण. 16 आले तर 64. त्या दिवशी हरणीचे 18 आले होते. पंधरा सेकंदांत दोन ठोके जास्त, एवढंच अंतर राहिलं होतं गं. ते भरून निघण्यासारखं आहे.

तुझा वेग काढला तर ताशी 17 किलोमीटर पडतो. महिनाभराच्या तयारीवर, पाच-सहा वर्षांच्या घोडीला, पहिल्याच स्पर्धेत. ताशी 12 ने आली असतीस तर 3 तास 20 मिनिटं लागली असती, आणि मला वाटतं हरणी पास झाली असती. पहिला आलेला घोडा कोण, हे पाहायला गर्दी जमते, म्हणून सगळ्यांना ही शर्यतच वाटते. लांब पल्ल्याचा खेळ तसा नाही. यात पल्ला संपतो तो तपासणीत, डॉक्टरांसमोर घोडी दुडकीने, म्हणजे हलक्या धावेने, नीट चालवून दाखवल्यावर. मधल्या टप्प्यांचं घड्याळसुद्धा घोडी तपासणीच्या दारात नेल्यावर थांबतं. म्हणून जाणते स्वार टप्प्याच्या शेवटच्या दोन किलोमीटरांत वेग उतरवत आणतात, शेवटचं थोडं अंतर उतरून, तंग सैल करून, लगाम हातात धरून चालत येतात. ठोके वाटेतच खाली आलेले असतात. शेवटी भरधाव येऊन टाळ्या मिळतात, पण पुढची वीस मिनिटं घोडीच्या छातीकडे बघत जातात.

काकांना घोड्यांची जाण असेल, ते खोटं सांगत नाहीयेत. दम खरंच लवकर वाढतो. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत कामाला लागतात, आणि तिथेच फसायला होतं. स्नायूंना तीन ते सहा महिने लागतात. पायाच्या मागच्या बाजूने दोरीसारख्या जाणाऱ्या कंडरांना त्याहून जास्त, हाडं आणि खूर पक्के व्हायला वर्ष-दोन वर्षं. म्हणजे तिसऱ्या महिन्यात घोडी दमाने तयार दिसते, पळायला मागते, आणि तिचे पाय अजून कच्चे असतात. खोल वाळूत खूर रुततो, मागे सरकतो, त्या कंडरांवर ताण येतो. भरधाव रोज पंधरा किलोमीटर काढलेस तर डिसेंबरपर्यंत पाय सुजवून बसशील. जगभर या स्पर्धांत घोडे बाद होण्याचं सगळ्यात मोठं कारण लंगडणं हेच आहे. वाळूचा उपयोग करच, पण काठाच्या ओल्या, घट्ट वाळूवर आणि कदम चालीने, म्हणजे सावकाश चालत. डांबरी रस्त्यावर दुडकी कमीत कमी. गाडवाट सगळ्यांत चांगली, आणि ती तुझ्या दारातच आहे.

म्हणून येत्या फेब्रुवारीत 80 नको. 40 च कर, आणि पूर्ण कर. ती नीट झाली तर पुढच्या हंगामात 60, आणि 80 त्यानंतर. हरणी सहा वर्षांची आहे, तिच्यापुढे बरीच वर्षं आहेत.

आता पाच महिन्यांचं सांगते. आठवड्यातून चारच दिवस स्वारी, उरलेले दिवस तिला मोकळं सोड, नुसतं बांधून ठेवू नकोस. पहिले तीन आठवडे 8 ते 10 किलोमीटर, निम्मं कदम, निम्मं दुडकी. ताशी आठच्या पुढे जायचं नाही. कंटाळा येईल, हरणी तोंड टाकेल, तरी नाही. नंतर आठवड्यातली एक स्वारी लांब करत ने: 12, 15, 18. एका आठवड्यात एकतर अंतर वाढव नाहीतर वेग, दोन्ही एकदम कधीच नाही, आणि दर चौथा आठवडा हलका ठेव. डिसेंबरपासून सातपुड्याच्या पायथ्याकडचे चढ घे. चढावर वेग न वाढवता हृदयाला भरपूर काम मिळतं आणि पायांना आदळ बसत नाही. जानेवारीच्या मध्यापर्यंत लांबची स्वारी 25 किलोमीटर, ताशी 11-12 ने, आणि आठवड्याची बेरीज 45 ते 50 अशी आली की 40 ची तयारी झाली. सरावात एका दमात पूर्ण 40 काढायची गरज नाही. स्पर्धेआधीचे दहा-बारा दिवस फक्त पाय मोकळे करायला ने.

प्रत्येक स्वारीनंतर दहाव्या मिनिटाला ठोके मोजून वहीत लिही. आठवड्यातून एकदा आणखी एक परीक्षा कर, तपासणीतही ती करतात. ठोके मोज, मग हरणीला हाताला धरून दुडकीने 40 मीटर ने आणि परत आण, आणि निघाल्यापासून बरोब्बर एका मिनिटाने पुन्हा मोज. दुसरा आकडा पहिल्याएवढा किंवा कमी आला तर छान. चारपेक्षा जास्त चढला तर थकवा आहे किंवा दुखतंय, आणि तो आठवडा विश्रांतीचा. रोज सकाळी, खरारा करायच्या आधी, चारही पायांवरून गुडघ्याखाली तळवा फिरवत ने. कालच्यापेक्षा कुठे गरम लागतंय का, बोटाला गुबगुबीत लागतंय का. आठ दिवसांत तुझ्या हाताला तिचे पाय पाठ होतील.

पाण्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे अजून सांगतात की घामाघूम घोड्याला पाणी पाजू नये आणि अंगावर ओतू नये, घोडा अखडतो. हे खरं नाही, आणि या समजापायी कितीतरी घोडी उगाच हाल सोसतात. हरणीला वाटेत जिथे पाणी दिसेल तिथे पिऊ दे, हवं तेवढं. टप्पा संपला की मान, छाती आणि पायांच्या आतल्या बाजूवर बादलीमागून बादली गार पाणी ओत, श्वास आणि ठोके उतरेपर्यंत थांबू नकोस. खानदेशातल्या उन्हात जोरात काम करणाऱ्या घोड्याच्या अंगातून तासाला दहा लिटरच्या वरही घाम जाऊ शकतो. आणि घोड्याचा घाम आपल्या घामापेक्षा फार खारट असतो. आपल्या अंगातून पाणी जास्त जातं, रक्त खारट होतं, तहान लागते. घोड्याचं पाणी आणि मीठ दोन्ही एकदम जातं, त्यामुळे अंग सुकत चाललं तरी त्याला तहान जाणवत नाही. तोंडापुढे बादली धरूनही तो मान फिरवतो आणि आपण समजतो, याला नको आहे. म्हणून चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, रोज 30 ग्रॅम मीठ घाल, साधं खायचं मीठ. स्पर्धेच्या दिवशी क्षारांची भुकटी द्यायची तर पाणी प्यायल्यावरच. पाणी न पिणाऱ्या घोड्याच्या पोटात नुसते क्षार गेले तर ते अंगातलं उरलंसुरलं पाणी आतड्यात ओढून घेतात. वेगवेगळ्या ठिकाणचं, वेगवेगळ्या बादल्यांतलं पाणी प्यायची सवय आत्तापासून लाव.

चाऱ्यात कंजूसपणा नको. हरणी साडेतीनशे किलोची धरली तर रोज सहा-सात किलो कोरडा चारा पोटात गेलाच पाहिजे. मोठ्या आतड्यात तो पाणी आणि क्षार धरून ठेवतो, लांब पल्ल्यावर तीच तिची पाणपोई. लसूणघास थोडा चालेल, त्यावर सगळा भार टाकू नकोस. हरभरा, जव जेवढं काम तेवढंच. सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी कर, हे विसरू नकोस. भरपूर चंदी खाऊन दिवसभर उभ्या राहिलेल्या घोडीला दुसऱ्या दिवशी कामाला काढलं की काही वेळा मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक होतात, पाऊल उचलत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. असं दिसलं तर चालवून मोकळं करायला जाऊ नकोस, जिथे आहे तिथेच उभी ठेव आणि डॉक्टरांना बोलाव.

आता तुझं स्वतःचं. दुडकीत रिकिबीवर उठबस करतेस ना? कोणत्या पायाच्या तालावर उठतेस ते दर किलोमीटर-दोन किलोमीटरला बदल, नाहीतर तासन् तास एकाच बाजूवर तुझं वजन पडत राहतं. उतारावर उतर आणि तिच्याबरोबर धाव. म्हणजे तुलाही पाच किलोमीटर न थांबता धावता आलं पाहिजे. घोडीच्या सुट्टीच्या दिवशी ते करत जा. स्वारीनंतर जीन काढलंस की पाठीवरचा घाम बघ. सगळीकडे सारखी ओल हवी. मध्येच रुपयाएवढी कोरडी जागा दिसली तर तिथे जीन दाबतंय, आज फक्त कोरडं आहे, महिन्याने तिथे जखम होईल. वरातीचं सजवलेलं खोगीर या कामाला नको. काटेरी लगाम वापरात असेल तर आजच काढून टाक. हेल्मेटशिवाय चढायचं नाही. नाल दर पाच-सहा आठवड्यांनी बदल, आणि स्पर्धेसाठीचे नाल आठ-दहा दिवस आधी ठोकून घे, आदल्या दिवशी नाही. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी आणि धनुर्वाताची लस दीड महिना आधीच उरकून घे, अहवाल यायला वेळ जातो.

पिकअपमधून नेताना डोकं वर आवळून बांधू नका. घोड्याला मान खाली घालता आली नाही की नाकातली घाण आणि धूळ खाली उतरून फुप्फुसात जाते आणि दोन दिवसांनी ताप चढतो. दोर सैल ठेव, तीन-चार तासांनी थांबवून मान खाली सोडू दे, पाणी दाखव. निदान एक दिवस आधी पोहोच.

स्पर्धेच्या सकाळी सगळे एकदम सुटतील तेव्हा तू दहा मिनिटं मागे थांब. हरणी थयथय करेल, मागच्या पायांवर नाचेल, लोक काहीबाही बोलतील. धूळ खाली बसू दे, मग कदम चालीने निघ. याचाही सराव लागतो: गावातल्या कुणाचा घोडा बरोबर ने, त्याला पुढे जाऊ दे आणि हिला थांबवून धर, रोज थोडं थोडं. तपासणीच्या जागी सोबतचा घोडा निघून गेला आणि ती खिंकाळू लागली तर तेवढ्यानेही ठोके चढतात. अनोळखी माणसाने छातीला हात लावणं, ओठ वर करून हिरड्या दाबून बघणं, मानेची कातडी चिमटीत धरणं, याचीही सवय कर. शाळेतली मुलं हौसेने डॉक्टर होतील.

"उतरून दाखवायचंय" असा शब्द तू वापरलास, त्यावर मी बराच वेळ थांबले. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1955 पासून एक टेव्हिस कप नावाची स्पर्धा चालते, 24 तासांत 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर, सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून. जगातल्या अवघड स्पर्धांत तिची गणना होते. साधारण निम्मेच स्वार ती पूर्ण करतात. तिथे पहिल्याला करंडक मिळतो. पण कमरेच्या पट्ट्याचं चांदीचं बक्कल वेळेत आणि धडधाकट घोड्यानिशी पोहोचणाऱ्या प्रत्येकाला मिळतं, आणि पहिल्या दहांत जो घोडा सगळ्यात उत्तम स्थितीत असेल त्याच्यासाठी आणखी एक वेगळा करंडक आहे. तिथले जुनेजाणते स्वार त्या दुसऱ्या करंडकाला पहिल्याइतकंच मोठं मानतात. हे वडिलांना सांग. आणि त्यांना नुसतं सांगू नकोस, कामात घे. स्टेथोस्कोप त्यांच्या कानात दे, पंधरा सेकंद मोजायला लाव, वहीत आकडा त्यांनाच लिहू दे. महिन्याभरात 17 चे 15 होताना त्यांनी स्वतः मोजले, की घोडी वरातीला द्यायचा विषय ते काढतील असं मला वाटत नाही. तपासणीत घोडीपाशी उभं राहून पाणी ओतायला कुणीतरी आपलं माणूस लागतंच.

पहिल्या चार आठवड्यांची वही भरली की तिचे फोटो मला पाठव. तारीख, अंतर, वेळ, दहाव्या मिनिटाचे ठोके, पायांवर काही लागलं असेल तर ते. आणि गेल्या फेब्रुवारीत हरणीला दुडकीने चालवून दाखवलं तेव्हाचा व्हिडिओ कुणी काढला असेल तर तोही जोड. ठोके 72 वर अडण्यामागे एखादा पाय तर नव्हता ना, ते मला बघायचंय.